घरच्यांसाठी वेगळं पान

चष्मेवाल्यांनी दुकानाची वेबसाइट स्वतःच्या हाताने बनवली, आणि पहिल्याच आठवड्यात बायकोने त्या साइटसाठी कविता लिहून दिली. चौदा कडवी. पहिलं असं:

नाकावर बसला चष्मा, जसा गादीवर राजा,
कानांनी धरल्या काड्या, डोळ्यांची झाली मजा.

ही पहिल्याच पानावर टाका, असं बाईंनी सांगितलं. नाही म्हणायची चष्मेवाल्यांची छाती नव्हती. हो म्हणावं, तर दुकान किती वाजता उघडतं हे शोधणारं गिऱ्हाईक आधी चौदा कडवी उतरून जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पण माणूस बेरकी. सर्व्हरवर एक छोटीशी फाइल असते. कोणाला कुठलं पान दाखवायचं याचे नियम तिच्यात लिहायचे. घराघरातल्या इंटरनेटला आपापला नंबर असतो. चष्मेवाल्यांनी नियम लिहिला, की या नंबरावरून, म्हणजे आपल्या घरून, कोणी आलं तर कविता दाखव. बाकी जगाला फ्रेमा आणि दुकानाच्या वेळा. शिवाय काम नीटनेटकं करायची खोड, त्यामुळे नियमाच्या वर स्वच्छ मराठीत शेराही मारून ठेवला: 'फक्त हिच्यासाठी. हिला कळता कामा नये.'

सहा वर्षं सुखाची गेली. बाई रोज सकाळी चहा पिताना साइट उघडायच्या, कवितेवर नजर फिरवायच्या आणि समाधानाने बंद करायच्या. चष्मेवाल्यांना दर वेळी थोडी लाज वाटायची. पण तेवढ्या लाजेवर घरात शांतता नांदत असेल तर काय वाईट, अशी ते स्वतःची समजूत घालायचे.

मग इंटरनेट कंपनीने घरचा नंबर बदलला. कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. मंगळवारी सकाळी बाई म्हणाल्या, की आज कविता दिसत नाही, नुसत्या फ्रेमा दिसतायत. काहीतरी बिघडलं असेल, आत्ता बघतो, असं म्हणून चष्मेवाल्यांनी लॅपटॉप उघडला, तर बाई खुर्ची ओढून शेजारीच येऊन बसल्या. फाइल उघडावी तर तो शेरा सगळ्यात वर. लॅपटॉप मिटून, न्याहारी अर्धी टाकून चष्मेवाले दुकानाकडे पळाले.

तिथे पोचल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की घरचा नवा नंबर घरी बसूनच बघता येतो. फोन करून बाईंना विचारावं, तर तो कशाला हवाय हे आलंच. घाम फुटलेल्या माणसाला जे सुचतं तेच त्यांना सुचलं. त्यांनी नियमातली अटच काढून टाकली. आता कविता घरालाही आणि जगालाही.

दहा वाजल्यापासून फोन सुरू झाले. एका आजोबांनी आठव्या कडव्यापर्यंत वाचलं, पण दुकानाची वेळ काही सापडली नाही, अशी तक्रार केली. एका बाईंनी लेन्सवरही कविता छापून येते का, असं विचारलं. साडूने तर पहिलं कडवं चालीवर म्हणून दाखवलं आणि हसून हसून फोन ठेवला.

दुपारी चष्मेवाले जेवायला घरी आले, तर बाई दारातच उभ्या. साडूचा फोन घरीही येऊन गेला होता.

"जगाला दाखवायला कोणी सांगितली होती?"

"अगं, जगाला तर ती पहिल्यापासूनच..."

"खोटं बोलू नका. पहिल्याच महिन्यात दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत मोबाइलवर साइट उघडली होती. फ्रेमा आल्या. घरी येऊन उघडली, कविता आली. तेव्हाच कळलं मला."

चष्मेवाले खुर्चीत बसले. मग सहा वर्षं बोलली का नाहीस, एवढंच त्यांनी कसंबसं विचारलं.

"काय बोलायचं? कविता भिकार आहे, एवढं मला कळत नाही का? मी काय रोज कविता बघत होते? हा माणूस माझ्यासाठी एवढी खटपट अजून करतोय का, ते बघत होते. आज सकाळी फ्रेमा दिसल्या. वाटलं, कंटाळलात."

चष्मेवाल्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. ताटं तशीच ठेवून त्यांनी लॅपटॉप उघडला. चष्मेवाले लॅपटॉप मिटून पळाले तेव्हाच बाईंना संशय आला होता, आणि कंपनीला फोन करून घरचा नवा नंबर त्यांनी सकाळीच कागदावर उतरवून घेतला होता. त्या एकेक आकडा वाचत गेल्या आणि चष्मेवाले तो पुन्हा नियमात टाकत गेले. दोनदा चुकलं, पण बाई चिडल्या नाहीत.