मास्तरांचा पाय

गाडी शिकवणारे मास्तर फटकळ आहेत हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, आणि गावाने ते मुकाट्याने सोसलं होतं, कारण अर्ध्या गावाला गाडी त्यांनीच शिकवली होती. गाडीत बसले की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "तो टेम्पो बघा, मधोमध उभा केलाय, जसा काही ह्याच्या बापाचा रस्ता! ह्या गाढवाला गाडी शिकवली तरी कुणी?"

स्टिअरिंगवर बसलेली त्यांची वहिनी शांतपणे म्हणायची, "भाऊजी, तुम्हीच."

रस्त्यावरचा माणूस ऐन वेळी चुकणारच, असं मास्तरांचं ठाम मत होतं. म्हणूनच त्यांच्या गाडीत दुसरा ब्रेक होता, शेजारच्या सीटसमोर, बरोबर त्यांच्या पायाखाली. कुत्रं आडवं आलं, दाब ब्रेक. सायकलवाला डगमगला, दाब ब्रेक. शिकणाऱ्याचा पाय उचलला जाईपर्यंत मास्तरांनी गाडी थांबवलेली असायची. ही खोड इतकी मुरली होती की घरी कुणाच्या हातून भांडं निसटलं तरी त्यांचा पाय टेबलाखाली धाडकन आपटायचा. बायको म्हणायची, "थांबली हो गाडी, आता जेवा."

वहिनीने पन्नाशी ओलांडल्यावर गाडी शिकायला घेतली ती काही हौस म्हणून नाही. तिचा नवरा, म्हणजे मास्तरांचा थोरला भाऊ, आयुष्यभर टॅक्सी चालवलेला माणूस. आता त्याची नजर जात चालली होती. डोळ्यांचा दवाखाना दूर, शहराच्या पलीकडच्या टोकाला. जायचं तर आज शेजाऱ्याला विचारा, उद्या भाच्याच्या विनवण्या करा. आणि दादा पडला मानी. कुणाच्या दारात उभं राहायला नको म्हणून त्याने मागच्या वेळी जाणंच टाळलं, आणि एक डोळा गमावून बसला. पुन्हा असं झालं तर दुसराही राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. तेव्हापासून वहिनी रोज मास्तरांच्या मागे लागली होती, मला लायसनच्या परीक्षेला पाठवा. आणि मास्तरांचं एकच उत्तर असायचं, "अजून वेळ आहे."

"अहो, पण चुकते कुठे ते तरी सांगाल?"

"बैलगाडीसारखी चालवता. आणि सारखं आरशात काय बघता? केस विंचरायचेत का? पुढे बघा, पुढे!"

त्या दिवशी ती दोघं दगडाच्या खाणीकडून उतरत होती. लांबलचक उतार, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला घरं आणि दुकानं. खाली चौक, चौकाच्या कोपऱ्यावर शाळा. चौक ओलांडला की समोर तसाच उभा चढ. शाळा सुटायची वेळ झाली होती. डोक्यावर 'शिकाऊ' असा लालभडक फलक घेऊन गाडी आपली रमतगमत चालली होती.

वहिनीने आरशात पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"भाऊजी, मागे ट्रक आहे. भर उन्हात दिवे लावलेत त्याने. आणि हात बाहेर काढून हलवतोय."

मास्तरांनी वळून पाहिलं. दगडांनी शिगोशीग भरलेला ट्रक हॉर्न वाजवत, धूर काढत खाली येत होता. ब्रेक गेले होते, दुसरं काय! आणि मास्तरांच्या पायाने तेच केलं जे तो आयुष्यभर करत आला होता. त्याने ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी थबकली. ट्रकचं तोंड आरशात मावेना.

"पाय काढा!" वहिनी ओरडली. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून तिने दिरावर कधी आवाज चढवला नव्हता. "भाऊजी, पाय काढा म्हणते ना! मारताय का आपल्याला?"

मास्तरांना कळत होतं. डोक्याला सगळं कळत होतं हो, पण पाय ऐकेना. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा धरला, पाय खेचून वर घेतला, मग दुसराही, आणि लहान पोरासारखे सीटवर मांडी घालून बसले. गाडी सुटली.

डाव्या हाताला दुकानासमोर मोकळी जागा दिसली. "घ्या आत, घ्या!" मास्तर म्हणाले. आत घेतली असती तर दोघंही वाचली असती. कुणी बोट दाखवलं नसतं.

"आणि खाली? पोरं सुटतायत." वहिनीने दिवे लावले, हॉर्नवर हात दाबला आणि वेग वाढवला. बैलगाडी म्हणून हिणवलेली ती बाई अशी सुटली की मास्तरांनी दाराची कडी घट्ट पकडली.

आता गंमत बघा. ट्रकचा हॉर्न ऐकून एरवी कुणी मान वळवली नसती, ह्या रस्त्यावर हॉर्न सगळेच वाजवतात. पण मास्तरांची शिकाऊ गाडी आणि अशी धावतेय? असं आक्रीत गावाने आजवर पाहिलं नव्हतं. जो तो बघायला लागला, आणि तिच्या मागचा ट्रक दिसला की ज्याचं त्याला उमगायचं. बसवाल्याने भरलेली बस कातळाला घासत कडेला घेतली, आरसा मोडला तरी थांबला नाही. एका मोटारसायकलवाल्याने गाडी सरळ गटारात घातली आणि स्वतः उडी मारली. एक बाई मोटारीत मुलाला घेऊन मधोमध अडकली होती. ती भांबावली नाही, तिने गाडी कुणाच्या तरी अंगणात घातली, फाटकासकट. प्रत्येक जण बाजूला होता होता पुढच्यासाठी हॉर्न वाजवत होता. ओरड उताराने त्यांच्याही पुढे धावली.

आणि चौकात कोण उभं असावं? तोच तो टेम्पोवाला, ज्याला मास्तर गाढव म्हणायचे. त्याने टेम्पो शाळेच्या फाटकासमोर आडवा लावला होता, एकही पोर बाहेर पडू शकत नव्हतं. स्वतः चौकात उभा राहून, दोन्ही हात पसरून, आडव्या रस्त्याच्या गाड्या घसा फोडून अडवत होता. गाड्या थांबल्याही. एकानेही घाई केली नाही, एकानेही वाद घातला नाही.

"अरे वा रे पठ्ठ्या!" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

वहिनीने रिकामा चौक पार केला आणि पलीकडच्या लाकडाच्या वखारीत गाडी घातली. पाठोपाठ ट्रक धडाडत गेला, चढाला लागला, दमला, थांबला. आणि मागे सरकू लागला. पण वखारीतली माणसं ओंडके घेऊन धावलीच होती. चाकांखाली ओंडके बसले. थोड्या वेळाने मोटारसायकलवालाही गटारातून उठून लंगडत लंगडत तिथवर पोहोचला, त्यानेही एक धोंडा लावला. ट्रक थांबला तो थांबलाच.

ट्रकवाला खाली उतरून धावत आला. त्याने मास्तरांचे दोन्ही हात धरले. "मास्तर, तुम्ही गाडीत होतात म्हणून आज पोरं वाचली."

मास्तरांनी हात सोडवून घेतले. "मी काही केलं नाही, बाबा. मी तर ब्रेक दाबून सगळ्यांना मारायला निघालो होतो. गाडी ह्यांनी चालवली." मग त्यांनी मान वर करून सभोवार पाहिलं. बसवाला, फाटक मोडलेली बाई, टेम्पोवाला, सगळे धावत येऊन धापा टाकत उभे होते. ह्यातलं काही त्यांनी कुणालाच शिकवलं नव्हतं. त्यांना वाटलं, एकेकाला मिठी मारावी. टेम्पोवाल्याला त्यांनी मारलीही. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "मास्तर, टेम्पो काढतो लगेच, ओरडू नका."

वहिनीने तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं. "चला, तुमचे दादा वाट बघत असतील," म्हणाली आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसली. मास्तर वाटभर एक शब्द बोलले नाहीत.

दादा दारातच उभा होता. त्याला ते दिसत नव्हते, नुसता आवाज आला होता. "आज उशीर केलात. आणि हा गप्प कसा? काय चुकलं हिचं?"

"दादा," मास्तर म्हणाले, "परवा वहिनी परीक्षेला बसतायत. तुझ्या दवाखान्याला त्याच नेतील ह्यापुढे."

"तयार झाली?"

"त्या कधीच झाल्या होत्या रे. मीच पाय काढत नव्हतो."

दादा उंबरठा उतरला. आयुष्यभर दुसऱ्यांना बसवून नेणारा तो माणूस हाताने चाचपत गाडीपर्यंत आला, त्याने शेजारच्या सीटचं दार शोधलं, उघडलं.

"मग एकदा मला घेऊन फिरव," तो बायकोला म्हणाला. "हा बसेल मागे."