हातावरचे निळे वर्तुळ

श्रावणातल्या त्या सकाळी वैनगंगेवरून आलेला ओलसर उजेड रुग्णालयाच्या खिडकीतून माझ्या खाटेवर उतरला, आणि त्याच उजेडात वनमाला सिस्टरच्या बॉलपेनचे शीतल टोक माझ्या हाताच्या पाठीवर फिरले. सलाईनच्या सुईभोवती उमटलेल्या लालीला तिने निळे वर्तुळ काढले, शेजारी वेळ लिहिली, आणि पावसाळी पाखरासारखी ती पुढच्या खाटेकडे निघून गेली.

मी संतापलो. पथदिव्यांपासून बसच्या वेळापत्रकापर्यंत प्रत्येक प्रमादावर आयुष्यभर मुद्देसूद पत्रे लिहिलेला मी, न्यायालयातून निवृत्त झालेला कारकून. आणि माझ्यावर जप्त मुद्देमालासारखी खूण! तक्रारीचा कागद उशाखाली सिद्ध होता, तोच ती संमतिपत्र घेऊन आली. लाली पसरते का ते कळावे म्हणून खूण सर्वांनाच करतात, तिने सांगितले. तिच्या अभ्यासाच्या वहीत नोंद घ्यायला मात्र सही हवी, म्हणून माझे पान तिने कोरे ठेवले होते.

त्या वहीत रोवणीचा अख्खा हंगाम वसत होता. दिवसचे दिवस बांधीच्या चिखलात भात रोवून पांढुरके, मऊ पडलेले बायांचे हात. त्यांवर चिकटपट्टी टिकत नाही, सुई हलते, आणि सूज चढते. गावी बपेऱ्याला तिची आई असेच हात घेऊन संध्याकाळी घरी येत असे. मोठ्या विद्येच्या दृष्टीतून निसटलेले हे लेकीच्या दृष्टीने टिपले होते, आणि हात कोरडे करून पट्टी वेगळ्या रीतीने बांधली तर काय होते, तेही ती एकेका हातावर पाहत होती.

संमतिपत्र मी तीनदा वाचले. संशोधकाच्या नावाची ओळ रिकामी होती.

"माहं नाव कायले, काका? मी तं नर्स आहो. डॉक्टरसाहेब टाकतीन आपलं."

"ज्याने पाहिले, त्याचीच साक्ष, सिस्टर. ऐकीव साक्ष न्यायालय घेत नाही. आधी नाव लिहा, मग माझी सही."

"तुमची सही म्हंजे हायकोर्टाचा निकालच दिसते बा," ती हसली. पण असंख्य शिरा अचूक शोधणाऱ्या त्या हाताने आपले नाव लिहिले, आणि मग मी सही केली.

मला घरी सोडले त्याच दिवशी रुग्णालयाच्या सभागृहात डॉक्टरांपुढे तिच्या निबंधाचे वाचन होते. निघायचे सोडून मी बाहेरच्या बाकावर बसलो. दारातून येणारा तिचा स्वर प्रथम वाऱ्यातल्या ज्योतीसारखा कापरा होता. रोवणीच्या हातांपाशी येताच तो स्थिरावला. मग कुणी वडीलधाऱ्या डॉक्टरांनी विचारले, हे प्रथम कुणाच्या लक्षात आले? मी बाकावरून दाराकडे झुकलो. तिच्या साऱ्या हंगामाचे धनीपण त्या एका उत्तरावर तोललेले होते.

"मी पाह्यलं, साहेब. मीच."

टाळ्यांचा आवाज धानावर कोसळणाऱ्या सरीसारखा आला. बाहेर येताच तिने मला पाहिले, आणि वहीचे पहिले पान उघडून तिथेही लिहिलेले आपले नाव दाखवले. तक्रारीच्या कोऱ्या पाठीवर मी त्याच बाकावर अभिनंदनाचे पत्र लिहिले. सवय नसल्याने मायन्यापाशीच चारदा अडलो.

पुढे तिची तुमसरकडे बदली झाली. निळे वर्तुळ तर तिसऱ्या आंघोळीतच विरले होते. तरी सकाळचा उजेड हातावर पडला की नजर नेमकी तिथेच थांबते. काळ शाई धुऊन नेतो, साक्षीदारालाही दूर नेतो. पण कुणीतरी आपल्याकडे इतके निरखून पाहिले होते, एवढी गोष्ट मात्र त्याला पुसता येत नाही.