हसऱ्या तोंडाचं घाबरट इंजिन

मित्रांनो, मी एक जुनं, पिवळं इंजिन आहे आणि जन्मापासून घाबरट आहे. तुमच्या तळहातावर सहज मावेन एवढाच माझा जीव. गोष्टीच्या पुस्तकातल्या आगगाडीला असतो तसा मलाही चेहरा आहे, हरभऱ्याच्या डाळीएवढा. कारखान्यातल्या एका बाईंनी बारीक कुंचल्याने त्यावर हसू रंगवलं, तेव्हाच भीतीने माझी बोबडी वळली होती. पण रंग वाळला, हसू कायमचं झालं, आणि माझी भीती कुणाला दिसेनाशी झाली.

चिऊ नावाच्या छोट्या मुलीकडे त्याच गोष्टीतलं मोठं इंजिन होतं, पण ते तिच्या बाबांच्या रुळांवर बसेना. बाबांची आगगाडी वरच्या खोलीत भल्यामोठ्या फळीवर मांडलेली होती. स्टेशन, बोगदा, सिग्नल, सगळं इवलंसं आणि अगदी खऱ्यासारखं. मग मामाने त्या मापाचं इंजिन म्हणून मला शोधून आणलं.

चिऊ मला बाबांच्या मालगाडीला जोडायची. वळणावर फळीची कड आली की खालची जमीन पाहून मला वाटायचं, आता पडलो. त्यात दर रविवारी आई व्हॅक्यूम क्लीनर घेऊन यायची. त्याने एकदा स्टेशनावरचा हमाल गिळला होता. तो काही परत आला नाही.

पुढे चिऊ शाळेत रमली आणि मी फळीवरच्या इवल्या शेडमध्ये धूळ खात पडलो. एका रविवारी बाबांचे मित्र, घड्याळजीकाका, आले. अशा छोट्या आगगाड्यांचा छंद असलेली मोठी माणसं फार कडक असतात. चेहऱ्याचं इंजिन त्यांना पोरखेळ वाटतं. काकांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि सल्ला दिला, की यंत्र उत्तम आहे, तेवढं तोंड काढून काळा रंग द्या. बाबांना ते पटलं. त्यांनी पातं उचललं.

मी हसतच होतो. दुसरं काय करणार? पातं गालामागे शिरलं, टक् झालं, आणि माझा चेहरा उडून गालिच्यात पडला. चाकं टेबलावर, डोळे खाली! धाग्यांच्या फटीतून मला फक्त चपलांचे तळ दिसत होते. शेजारच्या खोलीत ती ओळखीची घरघर सुरू झाली. आता माझाही हमाल होणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात चिऊ दारात आली.

“बाबा, काय करताय?”

“खरं इंजिन करतोय गं याचं.”

“मग माझं कुठे गेलं?”

 पातं ठेवून बाबा गालिच्यावर रांगू लागले. काकांनीही गुडघे टेकले, पण डाळीएवढी वस्तू हाताला लागेना. शेवटी काकांनी आईकडून व्हॅक्यूम क्लीनर मागून घेतला. घरघर अगदी कानाशी आली. नळीने मला ओढलं, संपलो म्हणालो, आणि मऊ कापडावर आदळलो. काकांनी नळीच्या तोंडावर आईचा जुना, पातळ मोजा ताणून बसवला होता. आपल्या घड्याळांच्या दुकानात हरवलेले स्क्रू ते असेच शोधायचे.

“चुकलं माझं,” बाबा चिऊला म्हणाले. “तूच बसव आता.”

तिने गोंदाचा थेंब लावून मला दाबून धरलं. चेहरा किंचित तिरका चिकटला. ओठाचा एक कोपरा खाली गेला, एक भुवई वर. बाबा तो सरळ करायला सरसावले, तर तिने त्यांचा हात धरला.

“राहू दे. घाबरलाय तो.”

मित्रांनो, इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच कुणी ओळखलं. त्याच आठवड्यात बाबांनी फळीच्या कडेला कठडा बसवला. बोगद्यात मला अजूनही धडकी भरते, पण मला उचलणारे हात आता हळू येतात.

तुमच्या कपाटातही एखादं हसरं खेळणं पडलेलं असेल. ते नीट दोन्ही हातांनी उचला. त्याचं हसू दुसऱ्याच कुणीतरी रंगवलेलं असतं.