छातीपर्यंतचं पाणी

शिट्टीच्या तोंडाशी बाबांच्या दातांच्या दोन खाचा होत्या — त्यांच्या लेकीचे दात त्या खाचांच्या जरा अलीकडेच टेकत, म्हणजे इथेही आपण मागेच, असं मनात येऊन तिचं तिलाच हसू आलं... तलाव अजून रिकामा होता. छताच्या काचांतून उतरलेलं ऊन तळाच्या निळ्या फरश्यांवर डुलत होतं. तीस वर्षं बाबांनी इथे अख्ख्या गावाला पोहायला शिकवलं. डॉक्टर, पोस्टमन, शाळेतल्या बाई, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. गेल्या वर्षी ते गेले आणि हा वारसा तिच्या गळ्यात पडला; शिट्टी तर अक्षरशः.

पण बाबांची छाती मात्र मिळाली नाही... खोल टोकाशी, फरश्या जिथे गडद होत जातात, तिथे रोज तिच्या पोटात गोळा यायचा. सोळाव्या वर्षी, भर स्पर्धेत, उडीच्या ठोकळ्यावरून ती मागे फिरली होती. बाबा एक अक्षर बोलले नाहीत, नुसता टॉवेल खांद्यावर टाकला — ओरडला असतात तर चाललं असतं हो मला! ते गप्प राहणं ती आजवर उरात घेऊन वावरत होती.

"पाणी गार आहे की मीच म्हातारी झालेय?"

पायरीवर आत्या उभी होती. बाबांची धाकटी बहीण, वय अडुसष्ट, जन्मभर शिवणकाम केलेली; पोहण्याचा पोशाखही स्वतःच शिवलेला, दोन खिशांसकट.

"खिसे कशाला गं, आत्या?"

"रुमाल कुठे ठेवू मग?"

उथळ पाण्यात उभं राहून तिने आत्याच्या पाठीखाली हात धरला. आत्या आडवी झाली, आणि भीती घालवायला बोलत सुटली.

"दादा म्हणायचा, मी शिकवतो तुला. म्हटलं नको बाबा, दोघंही बुडू."

"दोघं कशी?"

"अगं, त्याला कुठे पोहता येत होतं!"

"काहीतरीच! बाबांना?"

"लहानपणी नदीत गटांगळ्या खाल्ल्या त्याने. तेव्हापासून छातीच्या वर पाणी आलं की बोबडी वळायची. म्हणून तर शिकवायला लागला — पोरांचं माझ्यासारखं होऊ नये म्हणाला. तुला बोलला नाही कधी?"

नाही. पण खोल टोकाला ते नेहमी काठावरूनच, शिकणाऱ्यापुढे बांबू धरून चालायचे... त्यांच्या बनियनवरची ओलाव्याची रेघ कायम छातीवरच, गळ्याशी कोरडं ठणठणीत... आणि आपण समजत होतो, ऐट आहे! तीस वर्षं, रोज सकाळी, पोटात गोळा घेऊन हा माणूस पाण्यात उतरत होता. तिला हसू फुटलं, आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं, आत्या हेलकावू लागली.

"अगं, धर ना मला!"

"कधीच सोडलंय, आत्या. तरंगतेयस तू."

"मी?" आत्या घोटभर पाणी प्यायली, ठसकली, आणि पोरीसारखी किंचाळली, "बघ! बघ गं!"

टॉवेल टाकताना बाबांना नेमकं काय वाटलं असेल? निराशा? की आपलंच रक्त ओळखू आलं? आता सांगणार कोण...

"त्या टोकाला कधी जायचं?" आत्याने विचारलं.

"उद्या," ती म्हणाली, आणि पोटात गोळा आला — चांगला मोठा, घरचा वाटावा असा, आणि तो लपवावासा तिला वाटला नाही.