वाटेतला गुलाल

श्रीगोंद्याहून सायकली सुटल्या तेव्हा गोरक्षच्या छातीत हलगी वाजत होती. नगरला जो पहिला पोचेल त्याला मुंबईची एक गिरणी आपल्या संघात पगारी सायकलपटू म्हणून घेणार होती. ट्रॅकवर नि रस्त्यावर सायकल पळवायची आणि वर त्याचाच पगार! असलं सुख जगात असतं, हेच त्याला खरं वाटत नव्हतं.

हा गडी रोज वाटेवरच्या आपल्या गावातून नगरला दूध घालणारा. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी भरलेले कॅन टांगून घाट चढायची पायांना सवय. आज कॅन नाहीत, मडगार्डही काढून ठेवलेलं, मग सायकल काय, वारं प्यायलेलं वासरूच. अर्ध्या वाटेत सगळे मागं पडले. पुण्याचा एक जण तेवढा गिअरच्या सायकलवर चिकटून होता. आपलं गाव दिसताच गोरक्षनं त्यालाही मागं टाकलं.

आणि तिथंच घोळ झाला. गावानं आजवर कुस्त्या पाहिलेल्या, बैलगाड्यांच्या शर्यती पाहिलेल्या. सायकलची शर्यत गावातून पुढं निघून जाते, हे कुणाच्या टाळक्यात शिरायचं? आपला गडी सगळ्यांच्या पुढं आला म्हणजे जिंकला, विषय संपला. सरपंच आबासाहेबांनी भर रस्त्यात माणसं उभी केली होती. त्यांनी गोरक्षला सायकलीसकट खांद्यावर उचललं नि गुलालाचं पोतं त्याच्यावर रिकामं केलं. शर्यत अजून संपायचीय, असं तो घसा फोडून सांगत होता, पण हलग्यांपुढं त्याचं कोण ऐकतंय. गुलालानं चुरचुरणाऱ्या डोळ्यांना दिसलं, पुण्याचा गडी बाजूनं सुळकन निघून गेला. गोरक्षला रडूच फुटलं. माणसं प्रेमानं गळा कापतात ती अशी.

ते रडू एकट्या त्याच्या आईला दिसलं. झुंबरबाईनं ओवाळायचं ताट शेजारणीच्या हातात दिलं, ती गर्दीत घुसली आणि तिनं हलगीवर पंजा ठेवला.

"आबासाहेब, खाली उतरवा त्याला. दूध नगरला पोचल्याबिगर कुनी मापात धरत न्हाई."

हे मात्र अख्ख्या गावाला कळलं. ज्यांनी उचललं होतं त्यांनीच मागून ढकलून दिलं आणि गोरक्ष सुटला. घाटाच्या पायथ्याशी त्याला पुण्याचा सदरा दिसला. चढ लागला तसा गिअरवाला धापा टाकू लागला. गोरक्षच्या पायांना तर आज दुधाचं ओझंच नव्हतं. नगरच्या वेशीतून तो चाकभर पुढं शिरला. पंच त्याच्याकडं बघतच राहिले. जिंकायच्या आधीच गुलाल लावून आलेला माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता.

दिवस मावळायच्या आत तो गावात परतला. मुंबई पक्की झाली होती. सगळे पुन्हा गोळा झाले, पण गुलाल सकाळीच संपलेला. आबासाहेब ओशाळून बाजूला उभे होते. झुंबरबाईनं लेकाच्या सदऱ्यावरचा, घामानं थापलेला गुलाल बोटानं खरवडला आणि त्याच्याच कपाळाला लावला.

"आता पोचलं दूध," ती म्हणाली, आणि हलगीवाल्याकडं बघून तिनं मान डोलावली.