टाकलं कुणी कुणाला

नोटीस कामावरच आली. दातवाली तेव्हा मेणाच्या हिरडीत पुढचे दात बसवत होती. कवळ्या बनवायचं काम ती लग्नाआधीपासून करायची, म्हणून सासरच्यांनी तिला हे नाव ठेवलं होतं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. हात पुसून तिनं पाकीट फोडलं. इंग्रजी तिला बेताचंच येई; नवऱ्याला घटस्फोट हवाय एवढं कळलं. एक शब्द मात्र पानोपानी होता आणि तो काही उलगडेना. डेझर्शन.

संध्याकाळी तिनं तो कागद भावापुढे टाकला. सासर सुटल्यापासून ती भावाकडेच राहत होती.

"म्हणजे सोडून जाणं," भाऊ म्हणाला. "शिपाई पलटणीतून पळून जातो ना, त्यालाही हाच शब्द. तू त्याला टाकलंस असं म्हणणं आहे त्याचं."

"मी टाकलं?"

"कागदावर तरी तसंच आहे, ताई."

ती हसली. ते हसू भावाला काही बरं वाटलं नाही.

झालं होतं ते असं. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी ती काही दिवस गेली होती. परत आली तर दाराला नवं कुलूप आणि तिच्या बॅगा जिन्यात. आत टीव्ही चालू होता. बेल दाबून दाबून बोट दुखायला लागलं, तेव्हा आतून नवऱ्याचा आवाज आला, "माहेरची एवढी ओढ आहे ना? मग तिकडेच राहा." वरच्या मजल्यावरची बाई कठड्यावरून वाकून बघत होती. तेव्हापासून दातवाली 'टाकलेली' झाली. दुकानात, जिन्यात, लग्नाच्या मांडवात, आवाज खाली आणून लोक हाच शब्द वापरत. टाकलेला पुरुष असं तिनं कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आणि आता बाहेर काढणाराच टाकलेला म्हणून कोर्टात उभा राहणार होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

वकीलबाईंनी नोटीस वाचली आणि बाजूला ठेवली. "मनाला लावून घेऊ नका. घटस्फोटाला कारण लागतं, त्यातलं हे एक. सगळेच लिहितात. आपण दोघांच्या संमतीनं अर्ज करू, लवकर मोकळ्या व्हाल."

"सगळे खोटं लिहितात म्हणून मी सही करायची?"

वकीलबाईंनी चष्मा काढला. "हे बघा, कायद्यात या शब्दाचा अर्थ नुसतं घराबाहेर पडणं असा नाही. कारण नसताना, समोरच्याच्या मर्जीविरुद्ध, संसार मोडायच्याच इराद्यानं सोडावं लागतं. आणि एकानं दुसऱ्याला घरात राहणंच अशक्य केलं, तर उंबरा कुणी ओलांडला हे कोर्ट बघत नाही. घालवणारा तोच सोडणारा."

दातवालीनं हे पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"कारण लढून तुम्ही जिंकलात तर त्याचा अर्ज फेटाळला जाईल. म्हणजे तुम्ही त्याची बायकोच राहाल. चालेल?"

"आधी तो शब्द माझ्या नावावरून काढा. पुढचं पुढे बघू."

भावानं डोक्याला हात लावला. "एका शब्दापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार? सही कर आणि सूट."

"तुझ्याबद्दल असं लिहिलं असतं तर?"

"पुरुषाचं वेगळं असतं, ताई."

त्याच आठवड्यात तिनं कामाजवळ एक खोली बघितली आणि बॅगा उचलल्या. भावजय दारापर्यंत आली. भाऊ आला नाही.

कोर्टात नवरा इस्त्रीचा शर्ट घालून, पडेल चेहऱ्यानं बसला होता. त्याच्या वकिलानं तिला विचारलं, "घरातून तुम्ही स्वतःच्या पायांनी गेलात, हे खरं ना?"

"मी बाहेरच होते. आत जाता आलं नाही."

"सामान तुम्हीच उचललंत?"

"मग काय जिन्यात ठेवायचं होतं?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"परत जायचा प्रयत्न केलात?"

"केला. कितीदा तरी गेले, दर वेळी बेल वाजवली. शेवटी त्यांनी बेलच काढून टाकली."

न्यायाधीश बाई नवऱ्याकडे वळल्या. "कुलूप का बदललंत?"

"जुनं बिघडलं होतं."

"नवी किल्ली बायकोला दिलीत?"

नवऱ्यानं वकिलाकडे पाहिलं. वकील कागद चाळू लागला.

अर्ज फेटाळला गेला. निकालात स्पष्ट लिहिलं होतं, कुणी कुणाला सोडलं असेल तर ते अर्जदारानं. दातवाली तशीच वकीलबाईंकडे गेली. "आता माझा अर्ज लिहा. कारण तेच घाला. त्याच्या नावापुढे."

तिच्या अर्जाची नोटीस मिळाली आणि नवरा तिच्या कामावर येऊन उभा राहिला. "आता आणखी काय हवंय तुला? संमतीनं करू. हे कारण नको घालूस. मला दुसरं लग्न करायचंय, लोक विचारतील."

"काय विचारतील?"

"बायकोला का टाकलंस म्हणून."

"मग सांग त्यांना, का टाकलंस ते. मलाही कळू दे. मी इतकी वर्षं तेच विचारतेय."

तो आपल्या म्हाताऱ्या आईचं नाव पुढे करू लागला, तशी तिनं पॉलिशचं यंत्र चालू केलं. त्या घरघराटात त्याचे नुसते ओठ हलत राहिले. थोड्या वेळानं तो निघून गेला.

तिचा अर्ज लांबला, पण मंजूर झाला, आणि कारणही तेच राहिलं. आता राग निवेल असं तिला वाटलं होतं. तो काही निवला नाही. लढायला कुणी उरलं नाही, तसा राग उलट मोकळाच फिरू लागला; हातातला साचा जरा कुठे चिरला तरी ती शेजारच्या टेबलावरच्या बाईवर करवादायची.

एका रविवारी भाऊ खोलीवर आला. "झालं ना मनासारखं? चल आता घरी."

"माझी खोली आहे."

"अजून रागावलेली आहेस?"

"हो," ती म्हणाली. "तुझ्यावर जास्त."

भाऊ खाली बघत बसला. चहा मात्र तिनं केला. तो पिऊन झाल्यावर भावानं दोघांचे कप स्वतःच विसळून ठेवले.