छपाई संपायच्या आधी

"मी कशालाही हात लावला नाही," लॉजच्या मालकीणबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. सुनेने तिसऱ्यांदा मान डोलावली, पण तिला ते पटलेलं दिसत नव्हतं.

सून ब्राउझरमधली, चोरांना आत शिरू देणारी भोकं शोधायची, पगारच त्याचा. परवा काउंटरवरच्या जुन्या लॅपटॉपवर ब्राउझर धाडकन बंद पडला. तिने मागे राहिलेली नोंद वाचली आणि पांढरीफटक पडली. लगेच ब्राउझरवाल्या कंपनीला कळवलं. कंपनीचं उत्तर आलं: आमच्याकडे तसं होत नाही, आज पाचपर्यंत करून दाखवा, नाहीतर तक्रार बंद.

आता चार वाजून गेले होते.

"अगं, बंद पडला, पुन्हा उघडला. एवढं काय त्यात?"

"आई, समजा नोकराला चिठ्ठी दिलीत, सात नंबरमध्ये जा, तिथले साहेब सांगतील ते कर. साहेब खोली सोडून गेले, चिठ्ठी फाडायची राहिली. खोलीत चोर येऊन बसला. नोकर कुणाचं ऐकेल?"

"आपला नोकर? चोराला चहासुद्धा देईल."

"ब्राउझर तेच करतोय. सोडलेल्या जागेत जाऊन तिथे जो असेल त्याचं ऐकतोय. आणि हे भोक सगळ्यांच्याच मशीनमध्ये आहे. उद्या दुसऱ्या कुणाला सापडलं, तर तो काही कळवत बसणार नाही."

याच लॅपटॉपवर पाहुण्यांची ओळखपत्रं होती. तीस वर्षांत या लॉजमधून कुणाचा साधा कंगवा गेला नव्हता.

सून पान उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. ब्राउझर ढिम्म, बंद पडायचं नाव घेईना. साडेचारपर्यंत तिने दोन्ही हातांची नखं खाल्ली.

तो परवा का बंद पडला, ते बाईंना ठाऊक होतं. पावती छापायला टाकली की त्यांना धीर नसायचा. पडद्यावरचं चक्र गरगरत असतानाच त्या पान मिटायच्या, तेही दोनदा दाबून. मुलाने शंभरदा बजावलं होतं. "तुला चालायला मी शिकवलं, मला शिकवू नकोस," असं त्यांनी शंभरदा सुनावलं होतं. आता कोणत्या तोंडाने सांगणार?

पावणेपाचला त्या उठल्या.

"सरक. आणि नवऱ्याला सांगितलंस तर याद राख."

पावती. चक्र. टक टक. काही नाही. पुन्हा. काही नाही. सातव्यांदा ब्राउझर धाडकन बंद पडला.

सुनेने सगळं टिपून घेतलं होतं. पाचला चार मिनिटं असताना तिने ते पाठवलं.

"आई, त्यांच्याकडे सगळी शहाणी माणसं. चक्र थांबेपर्यंत वाट बघतात."

"म्हणूनच अडाणी राहिलेत," बाई म्हणाल्या.

तासाभराने उत्तर आलं: मान्य. दुरुस्तीला दोन आठवडे. तोवर कुठे बोलू नका.

"म्हणजे चौदा दिवस सात नंबर उघडाच?"

"उघडाच."

तेवढ्यात नवा पाहुणा आला आणि त्याने ओळखपत्र पुढे केलं. बाईंनी लॅपटॉप मिटला, खालच्या कप्प्यातलं धुळकट रजिस्टर काढून झटकलं.

"मशीन बिघडलंय का?" पाहुण्याने विचारलं.

सुनेने श्वास रोखला.

"नाव सांगा," बाई पेनाचं टोपण काढत म्हणाल्या. "सावकाश सांगा. मला घाई नाही."